शिक्का खुर्चीचा, सही माणसाची

वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन कारभार

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत बांधकाम विभागात लिपिक आहे. गेल्या महिन्यात आमच्या साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी चार्ज यादीबरोबर बांधकाम परवानगीच्या सिस्टिमचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला आणि त्यांचा डिजिटल सहीचा डोंगलही ड्रॉवरमध्येच राहिला. शेजारच्या गावचे अभियंता आता अतिरिक्त कार्यभार सांभाळतात, पण ते आठवड्यातून दोनच दिवस येतात. बाकीचे दिवस ‘तूच जुन्या साहेबांच्या लॉगिनने फाईल पुढे सरकव’ असं मला सांगितलं जातं. लोकांची कामं अडू नयेत म्हणून करतोय, पण मन खातं. माझं चुकतंय का?
— एक लिपिक, सातारा जिल्हा

उत्तर : चुकतंय, आणि त्याचा फटका सगळ्यात आधी तुम्हालाच बसेल. म्हणून उद्यापासून त्या लॉगिनला हात लावू नका. चिठ्ठी आणि डोंगल पाकिटात घालून सील करा, टिपणी लावून मुख्याधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.

मी सांगलीत एका कार्यालयाच्या संगणक कक्षात नोकरी केली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचा निम्मा स्टाफ पूर ड्युटीवर होता. काम थांबू नये म्हणून एकच लॉगिन तिघं जण वापरत होते. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. पाणी ओसरल्यावर एक गृहस्थ आले. मागची भिंत आणि दोन खोल्या पडल्या होत्या, त्या नव्यानं बांधायच्या होत्या. त्यांचा अर्ज ‘परत’ दिसत होता आणि शेरा होता दोन शब्दांचा : ‘कागद अपुरे’. त्यांनी पिशवीतून मालमत्ता पत्रकाचा उतारा काढून माझ्या टेबलावर पसरला. भिजून वाळल्यानं तो पापडासारखा कडक झाला होता आणि मधोमध चिखलाची तपकिरी रेघ उमटली होती. “यातला कुठला कागद कमी आहे, तेवढं सांगा,” म्हणाले. तिघांपैकी कुणालाच आठवेना. सिस्टिममध्ये नाव होतं एकाचंच, आणि तो माणूस तर शेरा पडला त्या दिवशी गावभागात बोटीवर होता. त्या गृहस्थांना मी उत्तर देऊ शकले नाही. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

आपल्या कचेऱ्यांना एक फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गोल शिक्का खुर्चीचा असतो, तो चार्जबरोबर पुढच्याच्या हातात जातो. सही मात्र माणसाची. बदली झाली म्हणून कुणी आपली सही मागे ठेवून जात नाही. सिस्टिममध्येही हेच दोन भाग आहेत. ‘रोल’ म्हणजे शिक्का : छाननी करणं, त्रुटी काढणं, मंजुरी देणं हे अधिकार त्याला जोडलेले असतात. ‘युजर’ म्हणजे सही. अमेरिकेत डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ साली ‘रोल बेस्ड ॲक्सेस कंट्रोल’ या नावानं ही मांडणी केली : अधिकार माणसाला थेट चिकटवू नका, पदाला जोडा आणि माणसाला त्या पदावर बसवा. माणूस उठला की अधिकार आपोआप सुटले पाहिजेत. तुमच्याकडे साहेब गेले आणि त्यांची सही ड्रॉवरमध्ये राहिली, घोळ झाला तो इथे.

आता तुमच्या कार्यालयानं काय करायचं ते सांगते. प्रभारी अभियंत्यांना त्यांच्या स्वतःच्या युजरवरच तुमच्या नगरपरिषदेचा रोल द्यायचा, कार्यभाराच्या आदेशाचा क्रमांक आणि दिनांक नोंदवून, आणि शक्य असेल तर शेवटची तारीखही टाकून. ऑनलाइन सिस्टिम असताना फाईल बघायला त्यांना तुमच्या गावी यायची गरज नाही, ते आपल्या मूळ टेबलावरून तुमची छाननी करू शकतात. ‘दोनच दिवस येतात’ ही अडचण तिथेच निम्मी सुटते. जागेची पाहणी तेवढी त्या दोन दिवसांत बसवावी. तुम्हाला तुमच्याच नावाचं लॉगिन हवं, त्यात कागदपत्रं तपासून पुढे पाठवण्यापुरताच रोल हवा. तपासणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस असता कामा नये. कितीही मनुष्यबळ कमी असलं तरी ही एक गोष्ट सोडू नका.

जुन्या साहेबांचं खातं मात्र डिलीट करायला सांगू नका. ते निष्क्रिय करायचं. त्यांनी मंजूर केलेल्या फाईलींवर त्यांचं नाव कायम दिसलं पाहिजे, उद्या कोर्टात किंवा ऑडिटमध्ये तेच लागेल. आणि निष्क्रिय करण्याआधी त्यांच्या इनबॉक्समधल्या फाईली प्रभारींच्या नावे मार्क करून घ्या. हे हमखास राहून जातं. खातं बंद होतं, फाईली आत अडकतात आणि अर्जदाराला रोज ‘छाननी सुरू’ एवढंच दिसत राहतं. घड्याळ मात्र थांबत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ प्रमाणे साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमात बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असं मानलं जातं. बंद इनबॉक्समध्ये पडलेली फाईल तपासल्याशिवायच मंजूर समजली जाऊ शकते.

डोंगलचं जास्त गंभीर आहे. डिजिटल सही व्यक्तीला दिलेली असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार आपली खाजगी की (म्हणजे जिच्यानं डिजिटल सही होते ती गुप्त किल्ली) स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी त्या सहीच्या मालकानंच घ्यायची असते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही लबाडीनं वापरली तर कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुमच्या मनात लबाडी नाही हे मला पत्रावरूनच कळतं. पण एखादी मंजुरी वादात सापडली, तर ते सिद्ध करत तुम्हाला फिरावं लागेल, कारण सांगणाऱ्यानं तोंडी सांगितलंय. साहेबांनाही फोन करून कळवा. त्यांचा डोंगल त्यांच्याकडे पोचला पाहिजे आणि तुमच्या कार्यालयाच्या सिस्टिममधून त्या सहीची नोंद काढली गेली पाहिजे.

वरिष्ठांसमोर हे तोंडी बोलायला जड जातं, मला ठाऊक आहे. म्हणून टिपणीत तक्रारीचा सूर न लावता एवढंच लिहा : ‘मा. अभियंता यांची बदली झाल्याने त्यांचे युजर खाते निष्क्रिय करून प्रलंबित प्रकरणे प्रभारी अधिकाऱ्यांकडे वर्ग करणेस व माझे नावे स्वतंत्र लॉगिन मिळणेस विनंती आहे.’ अशा टिपणीला नाही म्हणणं कुणालाही अवघड जातं. यापूर्वी त्या लॉगिननं तुम्ही कोणत्या फाईली हलवल्या, त्याची तारीखवार यादी आठवून आजच लिहून काढा आणि तीही टिपणीला जोडा.

जमलं तर मुख्याधिकाऱ्यांना आणखी एक सुचवा. दर तीन महिन्यांनी युजरची यादी छापून हजेरी मस्टरशी ताडायची. आम्ही पहिल्यांदा ताडली तेव्हा निवृत्त झालेल्यांची खाती चालू सापडली, आणि एक खातं अशा सहकाऱ्याचं होतं ज्याच्या तेराव्याला आम्ही सगळे जेवून आलो होतो. त्या खात्यातून तोपर्यंत कुणी काही केलं नव्हतं, पण कुणालाही करता आलं असतं.

प्रश्न : मी मिरजेत परवानाधारक अभियंता आहे. माझा सहायक नोकरी सोडून गेला. बांधकाम परवानगीच्या पोर्टलचं माझं लॉगिन तोच वापरायचा, ओटीपीही त्याच्याच मोबाईलवर येतो. पासवर्ड बदलला की पुरे ना?
— मिरज

उत्तर : पुरत नाही. ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातोय तोवर तो ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून पुन्हा आत येऊ शकतो. आधी नोंदणीतला मोबाईल आणि ई-मेल बदला, मग पासवर्ड. मोबाईल बदलायला जुन्या नंबरचा ओटीपी लागत असेल, तर परवान्याची प्रत जोडून कार्यालयाला लेखी अर्ज द्या. त्यानंतर तुमच्या नावावर दाखल झालेल्या सगळ्या अर्जांची यादी काढा आणि ओळखीची नसलेली फाईल दिसली तर त्याच दिवशी लेखी कळवा. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला मिळणारी परवानगी मुख्यतः तुमच्यासारख्या परवानाधारकाच्या प्रमाणपत्रावर उभी असते, तेव्हा त्या घराचा भार तुमच्या नावावर आहे. नवा सहायक घ्याल तेव्हा नकाशे त्याला काढू द्या, अपलोड करून सबमिटचं बटण तुम्ही स्वतः दाबा.