लॅब्सकाउस म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : ताई, भाचा मर्चंट नेव्हीत आहे, त्याने हॅम्बुर्गहून फोटो पाठवला. ताटात गुलाबी भरितासारखा गोळा, वर अंडं, नाव म्हणे लॅब्सकाउस. घरात वाद चाललाय, सासूबाई म्हणतात बिटाचा हलवा असेल. हे काय असतं, नाव कुठून आलं आणि मटणाशिवाय होतं का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : हलवा नाही हो भाऊ, खारवलेलं बीफ, बटाटा, कांदा आणि बीट एकत्र घोटलेलं असतं ते, सोबत हाफ फ्राय, खारी काकडी आणि हेरिंग मासा. मूळचं खलाशांचं जेवण. शिडाच्या जहाजावर ताजं काही टिकायचं नाही, मग पिंपातलं खारं मांस आधी पाण्यात भिजत घालून मीठ काढायचं, कांद्यासोबत शिजवायचं आणि घट्टपणासाठी त्यात जहाजावरची बिस्किटं कुटून टाकायची. बिस्किटं म्हणजे नुसतं पीठपाणी, भाजून भाजून इतकी कडक की भिजवल्याशिवाय दात लागायचा नाही, आणि त्यात किडे निघाले तरी कोणी फेकायचं नाही. बटाटा नंतर आला.

नावाचं म्हणाल तर भांडणच आहे. इंग्रजीत लॉबस्काउस हा शब्द अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापलेला सापडतो, जर्मन लोकांनी तो तिकडूनच उचलला असं मानतात. लाटव्हियावाले म्हणतात आमच्याकडे 'लाब्स' म्हणजे चांगला आणि 'काउस' म्हणजे वाडगा, म्हणून नाव आमचंच. ऐकायला झकास, पण मला हे नंतर जुळवलेलं वाटतं. दुसरे लोक 'लॉब' म्हणजे रटरट उकळणं असं सांगतात, मग 'स्काउस'चं काय ते कोणालाच पटवून देता येत नाही. खलाशी बंदरोबंदरी फिरणार, शब्दही तसाच फिरला, नॉर्वेत लापस्काउस, डेन्मार्कात लाबस्कोव्स. आणि लिव्हरपूलमध्ये तर पुढचा 'लॉब' गळला, नुसतं स्काउस उरलं आणि ते खाणाऱ्या तिथल्या लोकांनाच जग स्काउसर म्हणायला लागलं, त्यांच्या बोलीलाही स्काउसच म्हणतात!

मटणाशिवाय होतं की. लिव्हरपुलात पगार संपला की तसंच करायचे, त्याला आंधळं स्काउस म्हणतात. बटाटा, कांदा, गाजर मंद आचेवर शिजवा, थोडे बटाटे अगदी विरघळू द्या म्हणजे रस्सा आपोआप दाटतो. तिथे सोबत व्हिनेगरातलं बीट किंवा लाल कोबी घेतात. सासूबाईंना फार सपक लागेल, ठेचा जवळ ठेवा.