वर्गासमोरील पहिल्या भाषणाची तयारी

नेत्रदानासारखा विषय तुम्ही निवडला याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र ‘नेत्रदान श्रेष्ठदान’ या घोषणेने सुरुवात करू नये, कारण ती सर्वांनी भिंतींवर वाचलेली असते आणि तिने कोणाचे मत बदलत नाही. श्रोत्यांचे मन नेमके कोठे अडते, ते आधी शोधावे. चेहरा विद्रूप होईल, चष्मा असलेल्यांचे डोळे चालणार नाहीत, या शंका तुम्ही स्वतःच प्रामाणिकपणे मांडाव्यात आणि मगच सांगावे की चष्मा वापरणारे, इतकेच नव्हे तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले लोकही नेत्रदान करू शकतात आणि त्यानंतर चेहरा विद्रूप दिसत नाही. शेवटची मागणी छोटी आणि आजच करता येईल अशी असावी. नुसता संकल्पपत्र भरण्याचा आग्रह अपुरा ठरतो, कारण मृत्यूनंतर साधारण ६ तासांत नेत्र काढावे लागतात आणि त्या वेळी संमती नातेवाइकांनीच द्यायची असते. म्हणून ‘आज रात्री जेवताना घरच्यांना आपली इच्छा सांगा’ एवढेच मागावे. भाषण पाठ न करता मुद्दे लक्षात ठेवावेत, पहिली दोन वाक्ये मात्र अवश्य पाठ करावीत, आणि सराव उभे राहून, घड्याळ लावून, मोठ्याने करावा.