वडिलांच्या सिबिलवर अनोळखी कर्ज, आणि वर ९९ रुपयांचं ‘संरक्षण’

तासगावच्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी ट्रॅक्टरसाठी अर्ज केला, बँकेनं सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट) काढलं, तर त्यात कधीच न घेतलेलं २२ हजारांचं वैयक्तिक कर्ज निघालं, तेही थकीत. आता एक ॲप महिन्याला ९९ रुपयांत ‘क्रेडिट मॉनिटरिंग आणि ओळखचोरी संरक्षण’ देतंय, ते घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. मॉनिटरिंग म्हणजे काही घडलं की कळवणं. वडिलांच्या बाबतीत घडून गेलंय, आणि ते निस्तरायचं काम कुठलंही ॲप तुमच्यासाठी करत नाही.

आधी पूर्ण रिपोर्ट काढा, नुसता स्कोअर नको. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांच्या साइटवर पैसे भरायची बटणं मोठी दिसतात आणि फुकटची लिंक कोपऱ्यात असते, तेवढी शोधा.

रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा संपर्काचा भाग वाचा. त्यात कर्जदात्यांनी कळवलेले मोबाइल नंबर आणि पत्ते असतात. वडिलांचा नसलेला एखादा नंबर तिथे असेल तर खरी गोम तिथेच आहे. कुणी रिपोर्ट पाहिला की एसएमएस किंवा ईमेल करणं या कंपन्यांना एप्रिल २०२४ पासून बंधनकारक आहे, तेही फुकट. पण तो एसएमएस नोंदीतल्या नंबरावर जातो. नोंदीत भामट्याचा नंबर बसला असेल तर इशारा त्यालाच मिळणार.

मग कर्जदात्याचं नाव बघा. रिपोर्टमध्ये ॲपचं नाव येत नाही, त्यामागच्या वित्त कंपनीचं येतं. दुकानातून हप्त्यावर घेतलेला मोबाइल किंवा फ्रिजही असाच अनोळखी नावानं दिसतो, म्हणून तक्रारीआधी घरात एकदा विचारून घ्या. आपल्याकडे पाटील, जाधव इतके आहेत की नाव आणि जन्मतारीख जुळून दुसऱ्याचं खातं आपल्या रिपोर्टमध्ये मिसळल्याचीही उदाहरणं असतात. ती फसवणूक नसते, नुसती दुरुस्ती लागते. खात्यापुढे ‘गॅरंटर’ लिहिलं असेल तर वडील कुणाला जामीन राहिलेत का, तेही आठवायला सांगा.

हे सगळं वगळून कर्ज बनावटच निघालं, तर त्या वित्त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी मागा: अर्जाची प्रत, जोडलेली केवायसी (ओळखीची कागदपत्रं), अर्जातला मोबाइल नंबर, आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा क्रमांक व यूटीआर (त्या व्यवहाराचा बँक क्रमांक). शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. डिजिटल कर्ज थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जमा करायचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. अपवाद थोडे, जसं दुकानदाराला थेट जाणारी रक्कम. त्या तारखेचा वडिलांचा खातेउतारा काढा. त्यात २२ हजार जमा दिसत नसतील तर याहून भक्कम पुरावा नाही.

रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर वापरून, तो रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या साइटवर ‘डिस्प्यूट’, म्हणजे नोंद चुकीची असल्याची हरकत टाका, त्याला पैसे लागत नाहीत. दुसऱ्या कंपन्यांच्या रिपोर्टमध्येही ते खातं असेल तर तिथेही वेगळा टाकावा लागतो. सोबत सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा आणि तिची प्रत जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात द्या. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. डिस्प्यूटच्या निकालाला मुदत ३० दिवसांची. त्यापुढे निकाल लांबला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि पुढची पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. चौकशीसाठी रिझर्व्ह बँकेचा फोन नंबर १४४४८.

एक काम मात्र अजिबात करू नका. वसुलीवाले ‘थोडे भरा, मिटवून टाकू’ म्हणतील. भरलेत तर कर्ज मान्य केल्यासारखं होतं आणि रिपोर्टवर ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलेलं) बसतं, जे ट्रॅक्टरच्या फाइलला तितकंच नडतं. ‘पाच हजारांत सिबिल साफ’ म्हणणारे एजंट वर सांगितलेलाच फुकटचा डिस्प्यूट टाकतात, आणि त्यासाठी वडिलांचा ओटीपी घेतात.

आता मॉनिटरिंगकडे. ही केस मिटल्यावर चार कंपन्यांचे फुकट रिपोर्ट एकदम काढू नका, दर तीन महिन्यांनी एक काढा. कर्जखाती चारही ठिकाणी कळवावी लागतात, त्यामुळे वर्षभर नजर राहते. भोक एकच: कर्जासाठीची चौकशी ज्या कंपनीकडे झाली तिच्याच रिपोर्टमध्ये दिसते, बाकी तिघांत नाही. पैसे देऊन सेवा घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: चारही बघता की एकच? बरीच ‘फुकट स्कोअर’ ॲप्स एकच बघतात, आणि त्यांची कमाई कर्ज विकून होते, त्यामुळे फोन सुरू होतात. ‘२४ तास पाळत’ या शब्दांवर भाळू नका. बँकांनी या कंपन्यांना माहिती रोज नाही, ठरावीक दिवसांनी कळवायची, असाच नियम आहे. जे बँकेनं पाठवलंच नाही ते ॲप कुठून दाखवणार? ‘विमा संरक्षण’ लिहिलं असेल तर अटी वाचा. असा विमा बहुधा वकिलाचा आणि कागदपत्रांचा खर्च देतो, बनावट कर्ज फेडत नाही. एसएमएस वाचायची परवानगी मागणारं ॲप सरळ काढून टाका, आणि ऑटोपे चालू करायच्या आधी ते बंद कसं होतं ते बघा. माझ्या मते तुमची केस मिटल्यावर सहा महिने सिबिलचीच सेवा घेतलीत तर समजू शकतो. ९९ रुपयांचं ॲप नकोच.

अमेरिकेतल्या सेवांच्या याद्या वाचून गोंधळू नका. तिथे क्रेडिट फ्रीझ (आपल्या नावावर नवं कर्ज निघू नये म्हणून रिपोर्ट बंद ठेवणं) २०१८ पासून कायद्यानं फुकट आहे, पण तो तिथल्या सोशल सिक्युरिटी नंबरावर चालतो. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे आधारचं बायोमेट्रिक लॉक. आधारच्या अधिकृत ॲपमधून ते करा. मग रेशन दुकानात अंगठा चालणार नाही आणि पीएम किसानची चेहऱ्यानं होणारी ई-केवायसीही अडेल, म्हणून जाताना तात्पुरतं उघडायचं, ते थोड्या वेळानं आपोआप बंद होतं. ओटीपीनं ओळख पटवणं मात्र या लॉकनं थांबत नाही, आणि ओटीपी सिमवर येतो. म्हणून दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर वडिलांच्या नावावर किती सिम आहेत ते बघा आणि अनोळखी असतील तर तिथूनच कळवा. सेतूत झेरॉक्स देताना मास्क्ड आधार (फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं) द्या आणि कागदावर आडवं ‘फक्त अमुक कामासाठी’ असं तारखेसह लिहा.

राहता राहिल्या गावच्या पतसंस्था. त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि त्यांची बहुतेक कर्जं या रिपोर्टमध्ये येतच नाहीत. वडिलांची सही किंवा कागद तिथे कुणी वापरलाय अशी शंका असेल, तर शाखेत लेखी अर्ज देऊन कर्जदार आणि जामीनदार अशा दोन्ही नात्यांनी खातेउतारा मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.