बँकेचा दावा कोर्टाने काढला, आता घर आमचंच ना?

प्रश्न : ताई, न्यू जर्सीतलं आमचं घर आम्ही २०१६ साली कर्ज काढून घेतलं. २०२२ मध्ये यांची नोकरी गेली, हप्ते थकले. बँकेने फोरक्लोजरचा, म्हणजे गहाण घर विकून कर्ज वसूल करण्याचा, दावा लावला आणि पुढे वर्षभर काहीच केलं नाही. आता कोर्टाचं पत्र आलंय, पाठपुरावा नाही म्हणून दावा काढून टाकला. किती दिवसांनी घरात सगळे हसले! यांचे मित्र म्हणतात, सहा वर्षं उलटली की कर्जही बाद होतं, गप्प बसा. बसावं का?

उत्तर : नाही, गप्प बसू नका. ते पत्र पुन्हा हातात घ्या आणि ‘विदाउट प्रेज्युडिस’, म्हणजे पुन्हा दावा लावायची वाट मोकळी ठेवून, हे शब्द शोधा. कोर्टाने तुमच्या कर्जाबद्दल काहीही ठरवलेलं नाही. तुमच्या न्यू जर्सीत १२ महिने दाव्यात काही हललं नाही, तर कोर्टाकडून नोटीस निघते. त्यानंतर ३० दिवसांत बँकेने प्रतिज्ञापत्र दिलं नाही, तर दावा काढून टाकला जातो. तेवढंच झालंय. गहाण कायम आहे, व्याजही चढतंय. सबळ कारण दाखवून बँक तोच दावा पुन्हा उभा करू शकते, किंवा नवा लावू शकते. नव्यासाठी निदान ३० दिवस आधी तुम्हाला नोटीस यावी लागते.

मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच घात होतो. बँकेला दावा लावायची सहा वर्षांची मुदत २९ एप्रिल २०१९ पासून केलेल्या घरगहाणांना. तुमचं २०१६ चं, म्हणजे हप्ता थकल्यापासून २० वर्षं. तेवढं थांबणार आहात?

माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. असंच पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं. ‘सुटलो’ म्हणून त्यांनी बँकेचं टपाल उघडणंच सोडलं होतं. नव्या दाव्याचं समन्स घरी येऊन हातात दिलं, तेही ड्रॉवरमध्ये गेलं. उत्तर द्यायचे ३५ दिवस तिथेच संपले. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

मिळालेला वेळ वापरा. नोकरी परत लागली असेल तर लोन मॉडिफिकेशनचा, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून घ्यायचा, अर्ज आत्ताच करा. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची, मान्यता असलेले समुपदेशक त्यासाठी फुकट मदत करतात. प्रॉपर्टी टॅक्स कोण भरतंय, ते नगरपालिकेत विचारा. बँक भरत नसेल तर तुम्ही भरा, कारण तो बोजा गहाणाच्याही आधी येतो. ‘घर वाचवून देतो, इथे सही करा’ म्हणणाऱ्याला दारातही उभं करू नका.

समुपदेशकाकडे जाताना हे पत्र, २०१६ चे कागद आणि पगाराच्या ताज्या स्लिपा न्या. यजमानांनाही बरोबर न्या. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर सह्या दोघांच्या लागतील.