एकाच टॉवरवर एचएफ, व्हीएचएफ आणि यूएचएफ अँटेना कोणत्या क्रमाने लावावेत?

हौशी रेडिओ केंद्राच्या 15 मीटरच्या टॉवरवर 14, 21 व 28 मेगाहर्ट्झचा (एचएफ) त्रिबँड यागी, म्हणजे तीन बँडवर चालणारा, एका दिशेला झोत टाकणारा अँटेना, 144 (व्हीएचएफ) व 435 (यूएचएफ) मेगाहर्ट्झचे छोटे यागी आणि 7 मेगाहर्ट्झचा (एचएफ) डायपोल, म्हणजे दोन समान तारांचा साधा अँटेना, बसवायचा असेल, तर वारा सर्वाधिक अडवणारा त्रिबँड यागी मास्टवर (टॉवरच्या माथ्यातून वर निघणाऱ्या फिरत्या खांबावर) सगळ्यात खाली, टॉवरच्या माथ्यावरील बेअरिंगला लागूनच ठेवावा. तो जितका वर सरकेल तितका वादळात मास्ट वाकवणारा जोर वाढतो. त्याच्यावर सुमारे दोन मीटरवर 144 चा आणि आणखी मीटरभर वर 435 चा यागी येईल. छोट्या यागींचे बूम (मधले आडवे दांडे) लांब असतील, तर हे अंतर वाढवावे, कारण खालच्या यागीचे एलिमेंट (बूमवरच्या आडव्या नळ्या) त्यांचा झोत बिघडवतात.

छोटे यागी रिपीटरसाठी (संदेश पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रासाठी) उभे लावणार असाल, तर धातूचा मास्ट एलिमेंटना समांतर येऊन त्यांच्या कामात ढवळाढवळ करतो, म्हणून तेवढा भाग फायबरग्लासचा घ्यावा.

केबलकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. 30 मीटर आरजी-213 या कोॲक्सियल केबलमध्ये 435 मेगाहर्ट्झची निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच उष्णता होऊन जाते. माझ्या मते इथे काटकसर करूच नये. रोटेटरपाशी (मास्ट फिरवणाऱ्या मोटरपाशी) केबलला पूर्ण फेरीपुरता सैल वळसा ठेवावा आणि कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी शिरते.

डायपोल मात्र टॉवरच्या बाजूला पुलीवर, उलट्या व्हीच्या आकारात टांगावा. दोन्ही टोके माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधावीत.