ॲक्युरसी ९८ टक्के, तरी चलानवालं ॲप सुटलं!

प्रश्न: ताई, मी बी.ई. कॉम्प्युटरच्या लास्ट इयरला आहे. अँड्रॉइडची मालवेअर ॲप्स पकडायचं मशीन लर्निंगचं प्रोजेक्ट केलंय. ड्रेबिन डेटासेट (संशोधकांनी गोळा केलेली अँड्रॉइड ॲप्स) घेतला, निम्मी मालवेअर निम्मी चांगली, रँडम ८०-२० स्प्लिट (८० टक्के ट्रेनिंगला, २० टेस्टला), ॲक्युरसी ९८ टक्के. पण व्हॉट्सॲपवर फिरणारी आरटीओ चलानच्या नावाची खोटी एपीके (ॲपची फाईल) दिली तर मॉडेल म्हणतं सेफ. कुठे गंडलं?

उत्तर: कोड बरोबर असेलही, गंडलंय ते टेस्टिंग. ड्रेबिनमधली ५,५६० मालवेअर ॲप्स २०१० ते २०१२ मधली, तेव्हा गुपचूप महागड्या नंबरांना एसएमएस पाठवून बॅलन्स उडवायचे, आताची चलानवाली ॲप्स तुझे ओटीपी वाचतात, मग मॉडेलला ती ओळखू येणार कशी? त्यात त्या सेटमध्ये एकाच ॲपच्या कॉप्या ढीगभर, रँडम स्प्लिट मारला की तेच ट्रेनिंगला नि तेच टेस्टला, म्हणजे पेपर फुटलेलाच की! आधी डुप्लिकेट काढ.

दुसरं ते निम्मं-निम्मं, खऱ्या जगात मालवेअर इतकं नसतं. समज मॉडेल ९४ टक्के मालवेअर पकडतं आणि शंभरातल्या एका चांगल्या ॲपवर उगाच बोंब मारतं (ड्रेबिनच्या २०१४ च्या मूळ पेपरातला दावा साधारण हाच). आता १०,००० ॲप्समध्ये मालवेअर फक्त १०० धर. पकडली ९४, आणि खोट्या बोंबा ९९! म्हणजे निम्म्याहून जास्त अलार्म फुकटचे. म्हणून नुसती ॲक्युरसी सांगू नकोस, प्रिसिजन (अलार्मपैकी खरे किती) नि रिकॉल (मालवेअरपैकी पकडलं किती) दे, आणि टेस्ट सेटमध्ये मालवेअर १० टक्क्यांच्या आसपासच ठेव. २०१९ च्या टेसरॅक्ट पेपरात हेच केलंय, सवा लाखावर ॲप्स घेऊन, जुन्यावर ट्रेनिंग नि नंतरच्यावर टेस्ट, तर आधीचे झकास आकडे धडाधड खाली आले. तो पेपर वाचच, गाईड सरांनाही दे.

नवीन ॲप्ससाठी लक्झेंबर्ग युनिव्हर्सिटीचा अँड्रोझू हा ॲप्सचा साठा आहे, अर्ज करून ॲक्सेस की मिळते. फक्त तिथल्या डेक्सच्या (ॲपमधल्या कोडच्या फाईलच्या) तारखेवर जाऊ नको, खूप ॲप्सवर चक्क १९८० दिसतं, अँड्रॉइडच्या कितीतरी आधी 😄 व्हायरसटोटलवर (एकच फाईल अनेक अँटिव्हायरस इंजिनांनी तपासणारी साइट) पहिल्यांदा कधी दिसलं ते धर. मालवेअर की चांगलं हे लेबलही तिथूनच, पण किती इंजिनांनी बोट दाखवलं की मालवेअर म्हणायचं ते आधी ठरव नि रिपोर्टमध्ये लिही. मग प्रिसिजन-रिकॉलचा महिन्यामहिन्याचा ग्राफ काढ, घसरला तर घसरू दे, तोच तर दाखवायचाय.

आणि ती चलानची एपीके स्वतःच्या फोनात इन्स्टॉल नाही ना केलीस? फीचर्स (परवानग्या वगैरे, ज्यांवरून मॉडेल ओळखतं) काढायला नुसती फाईल पुरते, ॲप चालवायची गरजच नाही.