गावात बाळंतीण आणि बाळासाठी आपण गावकरी काय करू शकतो?

बरंच काही, आणि त्याला डॉक्टर असावं लागत नाही. आमचं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून बरंच आत. वयनीला भर पावसात रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा मोबाईलला रेंज नाही, १०८ ला फोन लावायला भाऊ छत्री घेऊन टेकडीवर गेला, शेवटी शेजारच्या काकांनी पिकअप काढली. तेव्हापासून वाड्यावर ठरलंय, आठवा महिना लागला की गाडी कुणाची, चालवणार कोण, रक्त लागलं तर कोण देणार, मोठ्या पोरांजवळ कोण थांबणार, सगळं आधीच बोलून ठेवायचं.

आणि प्लीज, बाळाला लगेच आंघोळ घालू नका, निदान २४ तास तरी! पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवा, वरून दोघांना पांघरूण, पहिल्या तासात चिकाचं दूध. मध, साखरपाणी अजिबात नको. आज्यांना हे बाहेरच्या माणसाने सांगून पटत नाही, त्यांच्यातल्याच एखादीने सांगितलं की पटतं, म्हणून महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्याच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना ट्रेनिंग देऊन घरोघर पाठवलं, तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचा मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय ते.

बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार लागलं किंवा श्वास जोरजोरात चालला तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच निघा.